काठावरच्या लाल चिंध्या

"तिला मराठी येत नसेल हो," बोराडे काका हळू आवाजात म्हणाले. बोराडे काकांचा हळू आवाज दहा पावलांवर सहज ऐकू येतो. मी पाच पावलांवर होते.

"येतं की. यादी मराठीतच लिहिते ती," ज्योतीताई म्हणाल्या.

"लिहिणं वेगळं. ही इंग्लिश मीडियमची पोरं अशीच. मनात ट्रान्सलेशन चालू असतं. यांचं वाक्य तयार होईपर्यंत आपण घरी जाऊन जेवलेलो असतो."

दोघं हसले. वाईट हसू नव्हतं ते. मी बेशरमीच्या फांदीला लाल चिंधी बांधत होते. गाठ मारली, वहीत खूण केली आणि पुढच्या झुडपाकडे गेले. गाठ नेहमीपेक्षा जरा जास्त घट्ट बसली, एवढंच.

याला दोन वर्षं झाली. जानेवारीत धरणाचं पाणी मागे सरकायला लागलं की ते रविवार आठवतात. आमच्या शहराला समुद्र नाही. पण पैठण रस्त्यानं चितेगाव, बिडकीन मागे टाकून नाथसागराच्या काठावर उभं राहिलं की पलीकडची बाजू दिसत नाही. लाटा येतात, शंख-शिंपले सापडतात, वारा खारा नसतो इतकाच फरक. शहरातली लहान मुलं त्याला समुद्रच म्हणतात. मीही म्हणायचे. पाणी उतरतं तसा काळा गाळ उघडा पडतो, त्याला भेगा जातात, आणि त्या भेगांच्या कडेनं हिरवं काही उगवायला लागतं. त्या हिरव्यात काय काय आहे ते ओळखायचं, हे आमचं रविवारचं काम.

आम्ही सात-आठ जण असू. शैला मॅडम पुढे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, पायात मुलाचे जुने बूट. बोराडे काका चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर होते, ते तिथूनच गाडीत चढायचे आणि चढल्या चढल्या हजेरी घ्यायचे. ज्योतीताई घरी ब्लाऊज शिवतात. अस्तराचे उरलेले तुकडे त्या पिशवी भरून आणायच्या, हिरवे आणि लाल. जे झाड, झुडूप, रोप इथलं, मूळचं, त्याला हिरवी चिंधी. जे बाहेरून आलेलं आणि बाकीच्यांची जागा खाणारं, त्याला लाल. जमिनीलगतच्या रोपाशेजारी काडी रोवायची आणि काडीला चिंधी. दोन-तीन आठवड्यांनी सगळ्यांनी मिळून लाल चिंधीवालं उपटायचं, अशी पद्धत.

चिंध्या बांधणं आणि यादी लिहिणं माझ्याकडे होतं. मॅडम सांगायच्या, मी लिहायचे. मला ते बरं वाटायचं. हातात वही असली की कोणी गप्पा मारायला येत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथेही असंच आहे. काचपट्टीवर काय दिसतं ते बघायचं, लिहायचं, सही करायची. बोलणं डॉक्टरांचं.

पहिल्या रविवारी ज्योतीताईंनी गाडीत विचारलं होतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथलीच. शहागंज."

"हो, पण मूळच्या?"

"तिथल्याच."

त्यांना प्रश्न कुठे अडकला ते कळलं नाही, आणि मला उत्तर अजून कसं द्यायचं ते. मग त्यांनी डबा उघडून मला थालीपीठ दिलं. "वडील काय करतात?" "दुकान आहे." "कशाचं?" मी म्हणाले, "असंच, किराणा वगैरे."

किराणा नाही. अब्बांचं दुकान अत्तारीचं आहे, वाळलेल्या जडीबुटीचं. भिंतभर लाकडी खण, एकेका खणाला पितळी कडी. नावं कुठे लिहिलेली नाहीत. अब्बा ती कडी न बघता ओढतात आणि आपण मागितलेलंच बाहेर येतं. दुपारी शाळा सुटल्यावर मी तिथे बसून होमवर्क करायचे. मुलेठी, गोखरू, तालमखाना, मुंडी, बावची या सगळ्यांच्या मधोमध माझी इंग्रजीची वही. तिसरीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीनं टीचरला सांगितलं की हिच्या दप्तराला औषधाचा वास येतो, मला दुसरीकडे बसवा. टीचरनं तिला दुसरीकडे बसवलं. काही झालं नाही, कोणी ओरडलं नाही. पण त्या दिवसापासून मी शाळेत जायच्या आधी हात दोनदा साबणानं धुवायला लागले, आणि वडील काय करतात या प्रश्नाला 'बिझनेस' असं उत्तर द्यायला लागले.

दुकानात माल आणणाऱ्यांत कौसाबाई नावाची एक म्हातारी होती. होळीच्या आसपास यायची, डोक्यावर पोत्याचं चुंगडं घेऊन. धरणाकडून येते इतकंच मला माहीत. तिच्या चुंगड्यात मुंडी असायची. वाळून करडी पडलेली, बोराच्या बीएवढी गोल गोल बोंडं. अब्बा आधी तिला चहा द्यायचे, मग चुंगडं उघडायचे. उघडलं की दुकान काही वेळ त्या एकाच वासाचं होऊन जायचं. उग्र, थोडा गोड, नाकात मागे जाऊन बसणारा. नव्या पुठ्ठ्याच्या वहीत ओली माती ठेवली तर येईल, काहीसा तसा. मला नीट सांगता येत नाही. ओळखता मात्र येतो.

तर काठावर गेल्यावर पहिल्या दोन-तीन रविवारी मला जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही. मी ज्यांना वीस वर्षं मेलेलं बघितलं होतं, ते सगळे इथे जिवंत होते. तालमखाना म्हणजे माझ्यासाठी खाकी रंगाचं बी, जिभेवर ठेवलं की बुळबुळीत होणारं. मॅडमनी ओलीत उभ्या एका झुडपाकडे बोट केलं, "कोळसुंदा लिहा. काटे सांभाळा." प्रत्येक पेऱ्यावर लांब पिवळट काटे आणि काट्यांमध्ये निळी-जांभळी फुलं. कंसात त्या म्हणाल्या, याच्या बियांना तालमखाना म्हणतात. मी लिहिलं. लिहिताना पेन थोडं थांबलं. गोखरू तर मी चप्पल घालून तुडवत चालले होते, त्याचं फूल पिवळं असतं हे मला माहीतच नव्हतं. वाळून खणात येताना पिवळं सगळं मागे राहतं. तरवड, निरगुडी, रुई, आघाडा, माका. मी नावं लिहायचे, आणि प्रत्येक नावाच्या मागे अब्बांच्या तोंडचं दुसरं नाव मनात यायचं. ते मी लिहायचे नाही. वहीत तसा रकाना नव्हता.

एकदा दगडीपाल्यावरून मजा झाली. बांधाला, वाटेवर, सगळीकडे उगवणारा तो. लांब देठावर एकच बारकं पिवळं-पांढरं फूल. बोराडे काका मॅडमच्या आधीच म्हणाले, "हिरवी चिंधी! हा आपला. खुरपं लागलं की आमचे आजोबा हाच चोळायचे."

"लाल," मॅडम म्हणाल्या. "अमेरिकेतून आलाय."

"काय सांगता!" काका खरोखर दुखावले. "माझ्या आजोबांनी सिल्लोड सोडून दुसरा तालुका बघितला नाही, आणि त्यांच्या पायाला अमेरिका लावली?"

"लावली."

"मग आता याचा पासपोर्ट बघायचा का?"

"काका, चिंधी बांधू द्या तिला," ज्योतीताई म्हणाल्या.

मॅडम वाकून त्या फुलाकडे बघत होत्या. "येऊन फार वर्षं झाली. जखमेला लागतो. याला राहू दे. कुठलीच नको बांधायला," त्या म्हणाल्या. म्हणून दगडीपाल्यासमोर माझ्या वहीत काहीच खूण नाही. सबंध यादीत ती एकच ओळ तशी आहे.

पक्षी बघायला येणारे लोक लांब दुर्बिणी लावून उभे असायचे. रोहित पक्षी आले की त्यांच्यात कुजबूज व्हायची. आम्ही खाली माना घालून चिखलात. ते आमच्याकडे बघून हसायचे. बोराडे काका त्यांना ओरडून सांगायचे, "आमचं बरंय, आमचं काही उडून जात नाही!"

जानेवारीच्या शेवटी मॅडमच्या गुडघ्यानं संप केला. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं. त्यांनी फोनवर काकांना सांगितलं, "चालू ठेवा. यादी आहे, मुलगी आहे. अडलं तर थांबा."

त्या रविवारी आम्ही पाण्याच्या अगदी जवळ, नव्यानं उघड्या पडलेल्या पट्ट्यात गेलो. गाळपेराची शेतं जिथे संपतात त्याच्या खाली, साधारण दोन अंगणांएवढ्या जागेत एकच रोप पसरलं होतं. जमिनीला चिकटून, कातरलेल्या कडांची पानं, खोडाला दोन्ही बाजूंनी पानाचीच झालर. फुलं अजून नव्हती. यादीत असलं काही नव्हतं. काकांनी फोन काढला. फोननं फोटोवरून नाव सांगायचं असतं, ते त्यानं सांगितलं. परदेशी तणाचं नाव.

"मॅडमना पाठवू या का?" ज्योतीताईंनी विचारलं.

"त्यांना कशाला त्रास? आणि हे बघा, किती पसरलंय. आपलं झाड असं अंगावर येत नाही. लिही बेटा. लाल."

मी खाली बसले. काडी रोवताना एक पान चुरगळलं गेलं. वास आला.

मला त्याच क्षणी कळलं. इतकं स्पष्ट कळलं की मी मागे वळून बघितलं, कोणी चुंगडं उघडलंय का. पण मी वाळलेली मुंडी ओळखणारी. ओली मी कधी बघितलेली नव्हती, बोंडंही धरली नव्हती, आणि समोर फोन होता, काका होते, इतकी माणसं होती. 'कशावरून?' असं कोणी विचारलं असतं तर 'वासावरून' म्हणावं लागलं असतं. 'तुला कसा माहीत?' याचं उत्तर दुकानापर्यंत गेलं असतं. मी हा सगळा हिशेब एका काडीच्या वेळात केला. मग चिंधी बांधली. लाल. यादीत फोननं सांगितलेलं नाव लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात. एकूण सतरा काड्या रोवल्या. मला मोजायची सवय आहे.

खालची जमीन मऊ होती म्हणून काका म्हणाले, आजच सुरुवात करू. दोन तासांत अर्धा पट्टा मोकळा झाला. मुळं सहज निघत होती. मीही उपटली. न उपटता उभी राहिले असते तर दिसलं असतं.

घरी पोचले तेव्हा अब्बा जेवायला बसत होते. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांनी माझा हात धरला. नाकाजवळ नेला.

"मुंडी," ते म्हणाले. "ताजी है ये तो. कां मिली?"

"रस्ते में."

"रस्ते में कां से आएगी मुंडी? उसकू तो पानी उतरी सो जमीन होना." मग स्वतःच खूश होऊन अम्मीला म्हणाले, "देख, मेरी बेटी के हाथ को मुंडी का बास आरा." लहानपणी ज्या हातांना मी दोनदा साबण लावायचे, त्यांचं त्यांना कौतुक वाटत होतं. मी आत जाऊन हात धुतले. वास गेला नाही. आता शंकेलाही जागा नव्हती.

तो आठवडा लॅबमध्ये नेहमीसारखा गेला. एकदा एका रिपोर्टवर आकडा चुकला तर मी स्वतः तीन मजले खाली जाऊन पेशंटच्या हातातला कागद परत आणला होता. त्या कामात मला लाज वाटत नाही, पटकन जाते. हे तसंच काम आहे असं मी स्वतःला समजावत होते. मॅडमना मेसेज लिहिला, पुसला. त्यात खोटं वाटेल असं काही नव्हतं. फक्त 'मला तेव्हाच माहीत होतं' हे वाक्य नसलेला मेसेज लिहिता येतो का, ते मी बघत होते. येत होता. म्हणूनच पाठवला नाही.

यंदा तो उपटलेला अर्धा भाग पुन्हा भरला आहे. गेल्या रविवारीच बघून आले. बी गाळात राहतं आणि पाणी उतरलं की वर येतं, त्याला आमच्या यादीशी घेणंदेणं नाही. जांभळी-गुलाबी बोंडं धरायला लागली आहेत, मण्यांसारखी. ओली मुंडी इतकी देखणी असते हे खणात बघून कोणाला खरं वाटणार नाही. पण झाड परत आलं म्हणजे चूक मिटली असं मला म्हणता येत नाही. त्या वर्षी होळीला कौसाबाईचं चुंगडं अर्धंच होतं. अब्बांनी तिला तसाच चहा दिला.

पण होळीच्या आधी, उपटल्याच्या पुढच्याच रविवारी आम्ही पोचलो तेव्हा कौसाबाई पट्ट्याच्या कडेला उभी होती. मी तिला दुकानाबाहेर कधीच बघितलं नव्हतं. मुंडीसारखीच तीही मला इथे वेगळी दिसली, उंच आणि सरळ. हातात रिकामं चुंगडं होतं. उपटून ढीग घातलेली रोपं आठवडाभरात काळी पडली होती. ती पायानं ढीग उलटा करून बघत होती.

"ह्ये कुणी केलं?" तिनं विचारलं.

"आम्ही, आजी," बोराडे काका पुढे झाले. "तण आहे ते. परदेशी. तुमच्या शेतात घुसायच्या आधी काढतोय."

"तण?" ती म्हणाली. "मुंडी हाय ती. माझी माय बी हितूनच न्यायची. आता पंधरा दिसांत बोंडं धरली असती. आन् तुमी उपटून टाकली व्हय?"

"मुंडी नाही हो ती. हे बघा, फोनमध्ये." काकांनी फोन तिच्यासमोर धरला.

तिनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. वाकली, राहिलेल्या अर्ध्यातलं एक पान तोडलं, बोटांत चोळलं आणि काकांच्या नाकाखाली धरलं. "तुमच्या फोनला वास येतो का?"

काका चपापले. ज्योतीताईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात धरलं. "वास उग्र आहे खरा," काका म्हणाले, "पण वास काय, तणालाही असतो. आजी, आम्ही शिकलेल्या बाईंच्या हाताखाली करतो हे. यादी आहे आमच्याकडे."

"यादी लिव्हली कुणी?"

"मॅडमनी," काका म्हणाले. ही ओळ त्यांनीच लिहायला लावली होती हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. "दाखव गं बेटा यादी."

सगळे माझ्याकडे वळले. कौसाबाईही. तिनं मला ओळखलं की नाही ते मला कळलं नाही, तिचे डोळे वहीवर होते. राहिलेल्या अर्ध्या पट्ट्यात माझ्या काड्या उभ्या होत्या, नऊ. चिंध्या वाऱ्यानं एकाच दिशेला उडत होत्या. मागे लांब दुर्बिणवाले पाण्याकडे बघत होते. वही उघडून दाखवणं सोपं होतं. अक्षर चांगलं आहे, ते नाव तिथे आहे, आणि वाचून झाल्यावर काकांनी खुरपं उचललं असतं. कौसाबाईला अक्षर वाचता आलं नसतं.

मी वही उघडली नाही. काखेत धरली. मग आत गेले, पहिली काडी उपटली, लाल चिंधी सोडवली. दुसरी. तिसरीची गाठ निघेना, ती मी दातानं सोडवली.

"अगं, काय करतेस?" ज्योतीताई म्हणाल्या.

माझा आवाज कसा येईल ते मला माहीत नव्हतं. आला तो जरा मोठाच आला. दुर्बिणवाल्यांपैकी एकानं वळून बघितलं.

"ही मुंडी आहे, काका. इथलीच आहे. शहागंजात माझ्या अब्बांचं अत्तारीचं दुकान आहे, तिथे ही वाळवून खणात ठेवतात, आणि या आजीच आणून देतात. मला गेल्या रविवारीच वासावरून कळलं होतं. कळूनही या चिंध्या मीच बांधल्या."